उंबरठा नसलेला फियोर्ड

साखरखेर्ड्यात बसून फियोर्डवरची मराठी टिपणं वाचली. सगळीकडे एकच साचा: हिमनदीने कोरलेली दरी, आत शिरलेला समुद्र, तोंडाशी उथळ उंबरठा. पाठ करायला बरं आहे, पण स्वालबार्डचा काँग्सफियोर्ड बघा. आपलं 'हिमाद्री' केंद्र २००८ पासून त्याच्याच काठावर आहे, आत त्रे क्रोनेरची तीन शिखरं. याच्या तोंडाशी ठळक उंबरठाच नाही! म्हणून अटलांटिकचं कोमट पाणी पार क्रोनेब्रीन हिमनदीपर्यंत पोचतं आणि तिला खालून वितळवतं. २०१४ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी इथे 'इंडआर्क'ची उपकरणं सोडली, तीही पाण्याचं तापमान, क्षारता मोजायला. टिपणांतून नेमकं हेच गायब. सिनॉप्सिसमध्ये मीही तोच साचा उतरवला होता. गाईडनी विचारलं, "मुखाशी खोली किती?" मी गप्प.