संकेतस्थळ-भेट विश्लेषण प्रणाली आणि लघु ऑनलाइन व्यवसाय : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
ऊस, द्राक्षे व डाळिंब यांसाठी परिचित असलेल्या बारामती व इंदापूर तालुक्यांतील एखादा लहान व्यावसायिक गूळ, काकवी किंवा डाळिंब स्वतःच्या संकेतस्थळावरून विकू लागतो, तेव्हा आलेला ग्राहक खरेदी न करता का परततो, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. २०१४ मध्ये सुरू झालेली हॉटजार आणि २०२० पासून विनामूल्य उपलब्ध असलेली मायक्रोसॉफ्टची क्लॅरिटी या प्रणाली त्याचे उत्तर देण्याचा दावा करतात. प्रस्तुत लेखात या दाव्याची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
भेटीची नोंद म्हणजे चित्रफीत नव्हे. पानाची रचना, तिच्यातील बदल, स्पर्श व सरकवणे यांच्या नोंदींवरून तो प्रसंग पुन्हा उभा केला जातो. न चालणाऱ्या कळीवर ग्राहक वारंवार बोट दाबतो, हे त्यातून स्पष्ट दिसते. अशा उघड दोषांचा शोध घेण्यापुरती ही प्रणाली निश्चितच उपयुक्त आहे.

अडचण त्यापुढे सुरू होते. ग्राहक दर पाहतो, दूरध्वनी क्रमांकापर्यंत जातो आणि पान सोडतो. नोंदीत ही 'अपूर्ण भेट' ठरते. प्रत्यक्षात त्याने फोन करून पाच किलो गूळ मागवलेला असू शकतो. शिवाय प्रणाली ज्याला 'अभ्यागत' म्हणते तो एक ब्राउझर असतो. घरातील एकच मोबाइल वडील, मुलगा व सून वापरत असतील, तर तिघांचे वर्तन एकाच्या नावे जमा होते. संगणकावरील माउसची हालचाल पाहून बांधलेले आडाखेही मोबाइलवर फारसे लागू पडत नाहीत.

संख्येचा प्रश्न याहून गंभीर आहे. महिन्याला ४०० भेटी व ८ मागण्या असे गृहीत धरू. कळीचा रंग बदलल्यावर मागण्या ११ झाल्या, तर वाढ ३७.५ टक्के दिसते. परंतु एवढ्या लहान संख्येत तीनचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. मोठ्या कंपन्यांना शोभणारे निष्कर्ष येथे काढणे धाडसाचे होय.

पत्त्याचा रकाना हे याचे बोलके उदाहरण आहे. 'सदनिका क्रमांक' व 'रस्ता' विचारणाऱ्या रकान्यात नीरा डाव्या कालव्यालगतच्या वस्तीवरील ग्राहकाने लिहावे तरी काय? तो लिहितो, खोडतो व सोडून देतो. क्लॅरिटीमध्ये चौकटीत टंकलेला मजकूर मुळातच झाकलेला असतो. म्हणून तो अडला हे दिसते, पण कशामुळे अडला ते दिसत नाही. मजकूर उघडा ठेवावा, तर ग्राहकाच्या खासगीपणावर आक्रमण होते. ही भीती काल्पनिक नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांना २०१७ मध्ये आघाडीच्या ५०,००० संकेतस्थळांपैकी ४८२ स्थळांवर अशा नोंद-प्रणाली आढळल्या आणि त्यांतून संवेदनशील माहितीही बाहेर जात असल्याचे दिसून आले. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला, तर त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीची विनंती आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय ग्राहकाला मिळावा, असे हा अधिनियम सांगतो. सर्व माहिती मराठीत देऊन केवळ संमतीचा मजकूर इंग्रजीत ठेवणे या अपेक्षेशी विसंगत ठरते.

प्रणाली विनामूल्य असली तरी नोंदी पाहण्यात जाणारा वेळ विनामूल्य नसतो. मालाची बांधणी करणारा, फोन घेणारा व संकेतस्थळ सांभाळणारा माणूस बहुधा एकच असतो. त्याने ही प्रणाली संकेतस्थळात बदल केल्यानंतर आठवडाभर चालवावी, पत्त्याच्या रकान्यात 'वस्ती/मळा' व 'जवळची खूण' यांची सोय करावी आणि फोनवर मागणी देणाऱ्यास 'कोठे अडलात?' एवढे विचारावे.