‘इस्म-उल्-फाइल’ आणि आपला ‘करणारा’

अरबी शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्यास ‘इस्म-उल्-फाइल’ म्हणजे कर्तृवाचक नाम, एवढे सांगून मोकळे होण्याची शिक्षकांना सवय आहे. आम्हीही वर्षानुवर्षे तेच केले. (या ‘फाइल’चा कचेरीतील कागदांच्या फायलीशी काही संबंध नाही, हेही दरवर्षी सांगावे लागे.) ही व्याख्या चुकीची नव्हे, पण ती अर्धी आहे, आणि जो अर्धा भाग सुटतो तोच अधिक मोलाचा आहे असे आता आम्हांस वाटते.

रूपसिद्धीचा भाग सोपा आहे. तीन व्यंजनांच्या साध्या धातूत पहिल्या व्यंजनानंतर दीर्घ ‘आ’ आणि दुसऱ्यानंतर ऱ्हस्व ‘इ’ घातली की काम झाले. क-त-ब म्हणजे लिहिणे, त्यावरून कातिब. मधले व्यंजन दुर्बल असेल तर त्याच्या जागी हम्झा येतो. कायम, लायक, नायब हे आपले शब्द त्या साच्यातले. शेवटचे दुर्बल असेल तर काजी, राजी, बाकी. शेवटची दोन व्यंजने एकच असतील तर मधली ‘इ’ गळते. म्हणून खास आणि आम हेही मुळात कृदन्तेच आहेत, हे ऐकून विद्यार्थी चकित होतात. साधित धातूंत आरंभी ‘मु’ येतो आणि उपान्त्य स्वर ‘इ’ असतो: मुसाफिर, मुन्सिफ, मुदर्रिस. ती ‘इ’ बदलून ‘अ’ केली की कर्मवाचक रूप होते. आपला मुकादम हा माणूस खरा, पण त्याचा साचा कर्मवाचक आहे. मूळ अर्थ ‘पुढे ठेवलेला’. मुखत्याराच्या बाबतीत दुर्बल व्यंजनामुळे दोन्ही रूपे एकच झाली आहेत, तेव्हा तो निवडणारा की निवडलेला हे केवळ शब्दावरून सांगता येत नाही.

आता सुटलेल्या भागाकडे वळू. हे रूप नाम की क्रियापद, यावर अरब वैयाकरणांतच मतभेद होता. बसऱ्याच्या परंपरेने त्याला नाम मानले. परंतु त्याच परंपरेतील सीबवैहीने वर्तमान-भविष्यवाचक क्रियापद या नामासारखे असते असे दाखवले, आणि त्या क्रियापदाचे ‘मुदारिअ’ हे नावच ‘सदृश’ या अर्थाचे आहे. कूफ्याच्या पंडितांनी तर या कृदन्ताला ‘अल्-फिअल् अद्-दाइम’, म्हणजे नित्य चालणारे क्रियापद, असे नाव दिले. केवळ नाम म्हणून ज्याची बोळवण करता येईल अशा रूपावर दोन विद्यापीठे भांडली नसती.

हे भांडण पोथीपुरते नव्हते. खलीफा हारून अल्-रशीद (कारकीर्द इ. स. ७८६ ते ८०९) याच्या दरबारात वैयाकरण अल्-किसाई याने काजी अबू यूसुफ याला कोड्यात टाकल्याची कथा सांगतात. एक मनुष्य म्हणाला ‘अना कातिलु गुलामिक’, दुसरा म्हणाला ‘अना कातिलुन् गुलामक’. दोघांपैकी कोणाला धरशील? काजी म्हणाला, दोघांनाही. खलीफाने त्याची चूक दाखवली. पहिल्या वाक्यात कृदन्ताला षष्ठीचा संबंध आहे, म्हणून ती झालेल्या कृत्याची कबुली. दुसऱ्यात तन्वीन आहे, कृदन्त क्रियापदाप्रमाणे द्वितीया घेते, म्हणून कृत्य अद्याप घडलेले नाही. शब्दान्तीच्या एका अनुनासिकावर माणसाची मान अवलंबून होती.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. ‘तुझ्या गुलामाला मारणारा मी’ ही कबुली; ‘मी तुझ्या गुलामाला मारणार’ ही धमकी. आपल्याकडे तेच काम शेवटच्या एका कान्याने होते! संस्कृतातही ‘कर्ता’ या कर्तृवाचक रूपाला ‘अस्मि’ जोडून ‘कर्तास्मि’, म्हणजे ‘मी करीन’, असा भविष्यकाळ साधतात. म्हणजे जी संज्ञा आम्ही सोयीची म्हणून उचलली, तिच्या पोटातही काळ लपलेला होता. आम्ही तो पाहिला नाही. कैरोच्या बोलीत तर आजही या रूपावर रोजचा व्यवहार चालतो. ‘अना आरिफ’ म्हणजे ‘मला माहीत आहे’, आणि ‘अना रायेह’ म्हणजे ‘मी जात आहे’ किंवा ‘जाणार आहे’. इथे ‘कर्तृवाचक नाम’ ही व्याख्या घेऊन बसणारा विद्यार्थी वाक्य लावू शकणार नाही.

मराठीत फारसीच्या वाटेने आलेल्या शब्दांचे काय झाले? त्यांतला क्रियापदाचा अंश वाटेतच गळाला. मालक, वारस, जामीन ही निखळ नामे झाली. गाफील, हजर, राजी ही विशेषणे. त्यांच्याकडून क्रिया करवून घ्यायची तर ‘होणे’, ‘करणे’ जोडावे लागते: हजर होणे, कायम करणे. हा दोष नव्हे. उसनवारीचा स्वभावच तसा. मात्र साच्यांतील भेद आपण काही ठिकाणी नकळत जपला आहे. हकीम आणि हाकीम हे एकाच धातूचे शब्द. पहिला ‘फईल’ साच्याचा, अंगी मुरलेला गुण सांगणारा. म्हणून शहाणा, आणि पुढे वैद्य. दुसरा ‘फाइल’ साच्याचा, हुकूम करीत असलेला, म्हणून अधिकारी. अरबीचे एक अक्षरही न वाचलेला गावकरी औषधासाठी हाकिमाकडे आणि फिर्यादीसाठी हकिमाकडे कधी गेला नाही. आम्ही आता पहिला पाठ या जोडीपासूनच सुरू करतो.