बालकांतील हायपोस्पेडियास : शस्त्रक्रिया-पद्धतींच्या तुलनेची चिकित्सा (विशेष संदर्भ : भंडारा जिल्हा)

लघवीचे छिद्र शिश्नाच्या टोकाशी नसून खालच्या अंगाला असणे, या जन्मजात व्यंगास हायपोस्पेडियास असे म्हणतात. साधारणतः २०० ते ३०० मुलग्यांमागे एकात ते आढळते. त्यावरील शस्त्रक्रियांच्या पद्धती असंख्य असून त्यांची तुलना करणारे शोधनिबंधही विपुल आहेत. मात्र या तुलनेत नेमके काय मोजले जाते, याची चिकित्सा क्वचितच होते.

छिद्र टोकाजवळ असेल तर वाद फारसा गंभीर नाही. माथिए यांनी १९३२ मध्ये छिद्राखालील त्वचेची झडप वर उलटवून पुढील नळी घडविली. स्नॉडग्रास यांनी १९९४ मध्ये मूत्रमार्गाच्या उपलब्ध पट्टीस मध्यभागी उभा छेद देऊन ती रुंद केली व तिचीच नळी शिवली. दुसऱ्या पद्धतीत छिद्र उभ्या फटीसारखे, म्हणजे अधिक नैसर्गिक दिसते. फिस्टुला (शिवणीतून लघवी झिरपणारे आडछिद्र) दोन्हींत होऊ शकतो. येथे पद्धतीपेक्षा शल्यविशारदाचा हात अधिक निर्णायक ठरतो, असेच म्हणावे लागते.

खरा प्रश्न छिद्र वृषणकोशाजवळ व शिश्न वाकलेले असते तेव्हाचा आहे. आग्र्याचे डॉ. हरी शंकर असोपा यांनी १९७१ मध्ये अग्रत्वचेच्या आतील थरापासून एकाच टप्प्यात मूत्रमार्ग घडविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. डकेट यांची तत्सम पद्धत १९८० ची. तथापि पाश्चात्त्य लेखनात डकेट यांचेच नाव अधिक घेतले जाते, हे जाता जाता नोंदविले पाहिजे. याउलट ब्रॅका यांनी १९९५ मध्ये दोन टप्प्यांचा पुरस्कार केला : प्रथम त्वचारोपण, आणि काही महिन्यांनंतर नळीची रचना. पट्टी न तोडता वाक सरळ होत नसेल, तर स्वतःची पद्धत न वापरता दोन टप्प्यांकडे वळण्याची भूमिका पुढे स्नॉडग्रास यांनीही घेतली.

ग्रामीण, गरीब कुटुंबास एकच टप्पा सोयीचा, हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. परंतु तो फसला तर पुढील शस्त्रक्रिया व्रणयुक्त त्वचेवर करावी लागते आणि अग्रत्वचा तर आधीच खर्ची पडलेली असते. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी सुंता करू नये असे सांगितले जाते. ठरलेल्या दोन खेपा आणि न ठरलेल्या चार खेपा यांची तुलना बहुतेक निबंधांत होतच नाही. त्यांत पहिल्या शस्त्रक्रियेनंतरचे यश मोजले जाते. मुलगा उभा राहून सरळ धारेने लघवी करू लागेपर्यंत एकूण किती वेळा भूल द्यावी लागली, हे मोजले जात नाही.

दुसरा दोष कालावधीचा. बेल्जियममधील गेंट येथील २०१३ च्या अभ्यासात जवळपास निम्म्या गुंतागुंती पहिल्या वर्षानंतर उघड झाल्या. मग सहा महिन्यांच्या पाठपुराव्यावर बेतलेल्या यशाच्या टक्केवारीस कितपत अर्थ उरतो?

भंडारा जिल्ह्यात हा दोष अधिकच जाचक ठरतो. बालशल्यचिकित्सेसाठी येथील कुटुंबांना मुख्यतः नागपूर गाठावे लागते. भंडारा शहरापासून ते सुमारे ६० किलोमीटर आहे. लाखांदूर वा पवनी तालुक्यातील गावांहून प्रवास त्याहून लांबचा. धानाच्या रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून, लघवी 'बरी होते' असे वाटणाऱ्या मुलास फेरतपासणीस कोण नेणार? असे न आलेले मूल अभ्यासात एक तर गळते किंवा बरे झाले असे धरले जाते. व्यंगाच्या जागेमुळे घरात पाळले जाणारे मौन यात भर घालते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाडी व शाळांत तपासणी करतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या राज्यातील १० शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत भंडाऱ्याचाही समावेश आहे. तेथे बालशल्यचिकित्सेचा विभाग उभा राहण्याची वाट न पाहता पाठपुराव्याची नोंदवही सुरू करता येईल. छिद्राची जागा, वाकाचे अंश, पद्धत, टप्पे, पुनर्शस्त्रक्रिया आणि पाचव्या वर्षीची धार एवढ्या नोंदी तीत पुरेशा आहेत. न परतलेल्या मुलांसाठी मात्र तीत स्वतंत्र रकाना हवा.