मापन आणि अनुमान : सागरतळाचा नकाशा व हिंगोलीचे शेत

सागरतळाचे मानचित्रण आणि उपग्रहांद्वारे होणारे पृथ्वीनिरीक्षण ही शास्त्रे एकाच कुळातील होत. तथापि त्यांच्या परिषदा निरनिराळ्या भरतात. २०२६ सालापुरते पाहावयाचे, तर सागरविद्येचा मेळावा ‘ओशनॉलॉजी इंटरनॅशनल’ मार्चमध्ये लंडन येथे, आणि प्रकाशचित्रमापन व दूरसंवेदन या विषयांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे अधिवेशन जुलैमध्ये टोरंटो येथे योजिलेले आहे. दोन्हींकडून आमची अपेक्षा एकच आहे : नकाशातील मोजलेले किती आणि अनुमानिलेले किती, हे स्पष्ट व्हावे.

या बाबतीत सागरशास्त्रज्ञांनी घालून दिलेला पायंडा अनुकरणीय आहे. १९०३ साली आरंभिलेल्या ‘जेब्को’ या जागतिक सागरतळ-नकाशाच्या उपक्रमाने निप्पॉन फाउंडेशनच्या साहाय्याने २०१७ साली ‘सीबेड २०३०’ हा प्रकल्प हाती घेतला. त्यानुसार जून २०२५ पर्यंत सागरतळाचा केवळ २७.३ टक्के भाग आधुनिक पद्धतीने मोजला गेला होता. उरलेला भाग नकाशात कोरा दिसत नाही. समुद्रतळावरील पर्वताच्या गुरुत्वाकर्षणाने सागरपृष्ठास किंचित फुगवटा येतो. उपग्रह तो मोजतात व त्यावरून खोलीचे अनुमान केले जाते. परंतु ‘जेब्को’च्या जालिकेतील प्रत्येक चौकटीस आधारदर्शक अंक जोडलेला असतो. त्यावरून ती खोली प्रतिध्वनिमापकाने घेतलेली, की गुरुत्वावरून तर्किलेली, हे अभ्यासकास कळते. अज्ञानाची अशी उघड नोंद हे त्या नकाशाचे वैगुण्य नव्हे, भूषण होय.

भूमीवरील निरीक्षणात हा विवेक तितक्याच काटेकोरपणे पाळणे अगत्याचे आहे. समुद्रापासून दूर असलेल्या हिंगोली जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. सोयाबीन हे तेथील प्रमुख खरीप पीक. पंतप्रधान पीक विमा योजनेत उत्पादनाचे तंत्राधारित अनुमान २०२३ च्या खरिपापासून आले, आणि २०२४ च्या खरिपापासून सोयाबीनचा त्यात समावेश झाला. अशा अनुमानास किमान ३० टक्के भार व उर्वरित भार शेतातील पीककापणी प्रयोगास, अशी ही योजना आहे. दोहोंच्या मिश्रणातून एकच आकडा निघतो; त्यावरून नुकसानभरपाई ठरते; परंतु मापन कोठे संपले व अनुमान कोठे सुरू झाले, हे केवळ त्या आकड्यावरून ओळखता येत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, पीककापणीचे प्रयोग मोजके असतात व त्यांतही मानवी प्रमाद घडतात. आक्षेप रास्त आहे. पावसाळी ढगांआडचे शेत साध्या कॅमेऱ्यास दिसत नाही, रडारास दिसते. ३० जुलै २०२५ रोजी अवकाशात गेलेला ‘निसार’ उपग्रह दोन तरंगलांबींच्या रडारांनी दर १२ दिवसांनी त्याच भूभागावर परततो. हे साधन मौलिकच आहे. परंतु रडारास उमगते ती पिकाची रचना व ओलावा. शेंगांतील दाण्यांचे वजन तर्कानेच काढावे लागते. त्या तर्काची परीक्षा अखेर शेतातच व्हावयाची.

म्हणून पृथ्वीनिरीक्षकांच्या अधिवेशनांनी सागरशास्त्रज्ञांची ती आधारदर्शक जालिका प्रत्येक नकाशास अनिवार्य करावी. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनीही वसमत, कळमनुरी वा सेनगाव तालुक्यातील एखादे महसूल मंडळ निवडून उपग्रहाचे अनुमान व कापणीचे वजन यांची हंगामागून हंगाम तुलना करावी. टोरंटोला नेण्याजोगा निबंध त्यातून खचित निपजेल; आणि शेतकऱ्यास आपल्या वाट्याचा आकडा कशावर उभा आहे, हे विचारता येईल.