गाड्यावर कोणी जायचे?

बलिप्रतिपदेला आपल्याकडे द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे. या दिवशी शंकर-पार्वती सारीपाट खेळले आणि शंकर हरले, अशी कथा सांगतात. तिचा आधार घेऊन आमच्या जळगावच्या घरी पाडव्याच्या दुपारी, वर्षातून एकदाच, पट अंथरला जात असे. फराळाच्या ताटल्या बाजूला सरत, कवड्या खुळखुळत, आणि एरवी मुंग्यांनासुद्धा साखर घालणारी आमची आजी समोरच्याची सोंगटी मारताना तिळभर दयामाया दाखवीत नसे. आजी गेली, पट कोणत्या ट्रंकेत आहे ते आता कोणालाच सांगता यावयाचे नाही. गेल्या पाडव्याला त्याच माजघरात माझा पुतण्या मांडीवर संगणक घेऊन बसला होता, आणि वडीलधाऱ्याच्या अधिकाराने त्याला दोन शब्द सुनवावेत म्हणून मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो.

सुनावणे राहूनच गेले. पडद्यावर धावपळ नव्हती, बंदुका नव्हत्या. एका टेकडीच्या पोटात, जुनाट झाडाच्या मुळांशी एक माणूस उभा होता आणि त्याच्यापुढे दोन पर्याय होते. आमचे चिरंजीव दहा मिनिटे त्या दोन पर्यायांकडे पाहत बसले होते. चकली हातात तशीच होती. "काय अडलं रे?" असे विचारले, तर म्हणाला, "काका, काहीही केलं तरी कोणाचं तरी वाईट होणार असं दिसतंय." कादंबरी वाचताना या मुलाला असा अडलेला मी कधी पाहिला नव्हता. पुस्तकांवर लिहिण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला एवढे कुतूहल पुरेसे होते. त्या दुपारपासून मी हे खेळ पाहिले, काही स्वतः अडखळत खेळलो. त्यांतून मनाशी जे ठरले ते येथे मांडतो.

या प्रकाराला 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात; आपण भूमिकेचा खेळ म्हणू. खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो. कोणाशी कसे बोलावे, कोणाला वाचवावे, कोणाला दिलेला शब्द मोडावा हे तो ठरवितो, आणि त्याप्रमाणे कथा वळावी अशी अपेक्षा असते. याचा उगम संगणकात नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती चारपाच मित्रांनी बसावयाचे, एकाने कथेकरी व्हावयाचे, बाकीच्यांनी आपल्या पात्राने काय केले ते सांगावयाचे, आणि अडले की फासा टाकावयाचा. बेल्जियमच्या लॅरियन या संस्थेचा 'बॉल्डर्स गेट ३' हा २०२३ सालचा गाजलेला खेळ याच घराण्यातला. त्यात आजही वीस बाजूंचा फासा डोळ्यांदेखत पडद्यावर गडगडतो.

आपल्याला हे सारे अगदीच परके वाटावयास नको. आपल्याकडे मोक्षपट होता. परंपरेने तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, आणि शेवटी मोक्ष. त्यात कथा आहे, बोधही आहे. पण खेळणाऱ्याला ठरविण्यासारखे काही नाही. कवड्या सांगतील तेथे जावयाचे. सारीपाटात उलट आहे. दान पडल्यावर कोणती सोंगटी हलवावी हे आपल्या हाती असते, पण त्या सोंगटीला ना नाव ना गाव. ती मेली तरी कोणी रडत नाही. तिसरी आजीची गोष्ट. तिच्यात राजपुत्र जंगलात दोन वाटांशी येऊन उभा राहिला की आम्ही श्वास रोखून "मंग?" म्हणत असू, आणि कोणती वाट घ्यावयाची ते आजीच ठरवी. भूमिकेच्या खेळाने मोक्षपटाचे दैव, सारीपाटाची निवड आणि आजीची गोष्ट ही तिन्ही एका दोरीत वळण्याचा घाट घातला आहे. दोर कितपत पक्का वळला, हे पाहणे टीकाकाराचे काम.

प्रथम अडचण सांगितली पाहिजे. टेबलाशी बसलेला कथेकरी जिवंत माणूस असतो. तुम्ही भलतेच काही केले तर तोही नवी कथा तेथल्या तेथे रचू शकतो. ठरलेल्या संहितेवर चालणाऱ्या संगणकाजवळ मात्र आधी लिहून ठेवले असेल तेवढेच असते. प्रत्येक फाट्यासाठी वेगळे संवाद लिहावयाचे, चित्रे काढावयाची, नटांकडून बोलून घ्यावयाचे. दहा वेळा वाट दुभंगली तर हिशेब हजाराच्या पलीकडे जातो. म्हणून करणारे एक युक्ती योजतात: वाट फोडावयाची आणि मैलभर पुढे गुपचूप पुन्हा एक करावयाची. कॅनडातल्या बायोवेअरची 'मास इफेक्ट' ही मालिका २००७ साली सुरू झाली. तुमचे निर्णय पुढच्या भागांत तुमच्याबरोबर येतील, हे तिचे वैशिष्ट्य. परंतु २०१२ साली तिसऱ्या भागाचा शेवट आला तेव्हा एवढ्या निर्णयांचे पर्यवसान जवळजवळ सारख्याच चित्रांत, केवळ रंगांच्या फरकाने झाले, अशी ओरड झाली. त्याच वर्षी कंपनीला वाढवलेला शेवट फुकट द्यावा लागला. चाहत्यांचा राग मला रास्त वाटतो. ज्याला तुम्ही इतकी वर्षे 'तू ठरव' म्हणालात त्याला शेवटी 'ठरले होते' असे सांगणे बरे नव्हे.

मात्र या मालिकेतली दुसरी एक गोष्ट मला याहून अधिक खटकते. तिच्यात वागणुकीचे गुण मिळतात. सौजन्याचे निराळे, दांडगाईचे निराळे. गुण दिसू लागले की खेळणारा माणूस राहत नाही, परीक्षार्थी होतो. समोरचा मनुष्य रडतो आहे याकडे त्याचे लक्ष नसते. कोणत्या उत्तराला किती गुण, याकडे असते.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊबीज. धुळ्याला माझी थोरली बहीण असते. पुतण्याला घेऊन मी एस.टी.ने निघालो. पाळधी मागे पडले, दुतर्फा कपाशी लागली, आणि एरंडोल आले. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, भीमाने बकासुराला मारले ते हेच गाव, असे खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या मानतात. इतिहासाचे काय असेल ते असो. आम्हांला ती गोष्ट आमच्या रस्त्यावरची वाटते. पुतण्याला विचारले, "बकासुराची गोष्ट ठाऊक आहे ना?" तो म्हणाला, "भीम गाडाभर भात खातो आणि राक्षसाला मारतो." बहुतेकांना एवढीच ठाऊक असते. मी त्याला आदिपर्वात त्यापूर्वी काय घडते ते सांगितले.

राक्षसाचा कर ठरलेला: गाडाभर अन्न, दोन रेडे, आणि ते घेऊन जाणारा माणूस. पाळी येते ती पांडव ज्याच्या घरी उतरले आहेत त्या ब्राह्मणाची. घरात चौघे. गाड्यावर कोणी जायचे? बाप म्हणतो, बायकोला पाठवू शकत नाही, मुलीला नाही, मुलाला नाही, मीच जातो. पण मी गेल्यावर तुमचे काय? बायको म्हणते, माझे संसारातले काम झाले आहे, मी जाते. बाईमाणूस म्हणून कदाचित सोडीलही. मुलगी म्हणते, मला एक दिवस घराबाहेर द्यायचेच आहे, मग आज दिले तर सगळे वाचतील. बोबडे बोलणारा धाकटा मुलगा गवताची काडी उचलून म्हणतो, याने मी राक्षसाला मारीन. आणि रडत्या घरात क्षणभर हसू येते. याच रडण्यात बाप बायकोला एक जुनी आठवण देतो: हे गाव सोडून जाऊ असे मी पूर्वी म्हणालो होतो, तेव्हा तू माहेर सोडवत नाही म्हणून ऐकले नाहीस. कुंती हे ऐकते आणि भीमाला पाठविते. युधिष्ठिर तिच्यावर रागावतो. ज्याच्या बळावर आपण जगतो त्याला तू कोणाच्या भरवशावर पाठवलेस, असा त्याचा सवाल असतो.

निवडीची कथा कशी असावी याचा याहून चांगला वस्तुपाठ मला माहीत नाही. चारही पर्यायांत नाकारावयाचे ते माणूस जिवाभावाचे आहे. कोणता पर्याय पुण्याचा, हे सांगणारी पाटी कोठे लावलेली नाही. कित्येक वर्षांपूर्वी सहज घेतलेला निर्णय, गाव न सोडण्याचा, आज दारात उभा आहे. आणि कुंतीचा निर्णय शेवटी बरोबर ठरला, तरी तो घेण्याच्या क्षणी घरातल्याच शहाण्या मुलाला चूक वाटतो.

आता या मापाने पुतण्याचा खेळ मोजून पाहू. त्याचे नाव 'द विचर ३'. आंद्रेई सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथांवरून पोलंडच्याच सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेने तो २०१५ साली काढला. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या मुलखात एक दारुडा जहागीरदार आहे. त्याने बायकोला मारझोड केली, ती पळून गेली, आणि आता तो तिला शोधून आणा म्हणतो. शोधता शोधता नायक त्या झाडाशी येतो. तेथे एक शक्ती कोंडलेली आहे. ती म्हणते, मला सोड, म्हणजे दलदलीतल्या चेटकिणींच्या तावडीतली अनाथ मुले मी वाचवीन. सोडावे, तर मुले वाचतात, पण ती शक्ती एका गावाची धूळधाण करते, जहागीरदाराची बायको प्राणास मुकते आणि तो स्वतःही जीव देतो. तिचा नाश करावा, तर बायको वाचते, मात्र वेडी होऊन. नवरा तिला घेऊन उपचाराच्या शोधात दूर डोंगरांत निघून जातो, आणि मुले पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. गुण कोणी देत नाही. शिवाय ज्याच्यासाठी जीव तुटावा असा जहागीरदार निर्मळ नाही, हेही खेळणाऱ्याला विसरू देत नाहीत. एकचक्रेच्या मापाला हा भाग बहुतांशी उतरतो, असे मी म्हणेन. त्यात एक उणीव आहे: वाईट घडते ते खेळणाऱ्याला आधी पुरते कळू शकत नाही, आणि कळल्यावर तो 'मला काय ठाऊक' म्हणून हात झटकू शकतो. ब्राह्मणाच्या घरातल्या चौघांना सारे ठाऊक होते.

याहून मोठी पळवाट निराळीच आहे, आणि ती पुतण्याने माझ्यादेखतच घेतली. त्या दुपारी त्याने शक्तीला सोडले. पुढे जे झाले ते पाहून तो गप्प झाला, आणि मग त्याने आधी जपून ठेवलेल्या जागेवरून खेळ पुन्हा सुरू केला. झाडाशी परत आला, दुसरा पर्याय घेतला. या सोयीमुळे निवडीचे वजन निम्मे होते. टोबी फॉक्स या अमेरिकन कलावंताच्या 'अंडरटेल' या २०१५ सालच्या लहानशा, साध्या चित्रांच्या खेळाने यावर काढलेला तोडगा मला फार आवडला. त्यात आरंभीच एक आईसारखी माया करणारी व्यक्ती भेटते. तिला मारून, पस्तावून तुम्ही मागे गेलात आणि या खेपेला तिला वाचविलेत, तर पुढे एक फूल भेटते आणि सांगते: तू काय केले होतेस ते मला ठाऊक आहे. केलेले कोणाला तरी आठवते आहे, एवढ्यानेच अंगावर काटा येतो.

आपल्या महाराष्ट्रातही या क्षेत्रात कोणी काही करते आहे का? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणारी अनाथ मुलगी, राक्षसांनी पळविलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, तिच्या पाठीशी दुर्गा, आणि वरून तिच्याविषयी बोलणारे देव. महाल, तळी, भिंतींवरची चित्रे, मधूनमधून येणाऱ्या सावल्यांच्या बाहुल्या यांचे देखणेपण निःसंशय आहे. पण हा भूमिकेचा खेळ नव्हे. राजीची वाट सरळ आहे, तिला फाटा नाही. सरळ वाटेची गोष्ट सांगणे हा काही दोष नव्हे. तरीही भावासाठी जिवावर उदार झालेली बहीण नायिका असताना तिला एकदाही 'जाऊ की नको' असे विचारले जाऊ नये, याची मला रुखरुख लागली. ज्यांच्या हाती इतकी चांगली कुंचली आहे त्यांनी पुढे एखादा एकचक्रेचा प्रसंग रचावा. सामग्रीसाठी दूर जावे लागणार नाही.

एरंडोल, पारोळे करीत आम्ही धुळ्याला पोचलो. ओवाळणे झाले. जेवताना पुतण्याने आत्याला आपला खेळ समजावून सांगितला. झाड, मुले, जहागीरदार, सगळे. ताईने वाढता वाढता नीट ऐकून घेतले आणि विचारले, "आणि चुकलं तर मागे जाता येतं?"

"येतं की, आत्या. सेव्ह केलेलं असतं ना."

"बरंय बाबा तुमचं," असे म्हणून ती आणखी पुरी आणावयास आत गेली.

माझा घास तसाच राहिला. १९७२ च्या दुष्काळाने आमचे शेत मोडले, आणि पुढची दोन वर्षे दोघांचे शिक्षण झेपेना. ताईचे गुण माझ्याहून चांगले होते. घरात बैठक बसली नाही, रडारड झाली नाही. तिने आपण होऊन पुस्तके माझ्या पेटीत घातली. मी पुण्याला गेलो, ती लग्न होऊन धुळ्याला आली. मुलगी एक दिवस घराबाहेर द्यायचीच, हा हिशेब एकचक्रेत मांडला गेला तसाच आमच्याकडेही, फक्त मोठ्याने कोणी बोलले नाही.

परतीच्या गाडीत पुतण्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. एरंडोल मागे गेल्यावर म्हणाला, "काका, तो झाडाचा भाग मी परत खेळणार आहे. पण या वेळी मध्ये सेव्ह करणार नाही."

मी बरे म्हटले. येत्या पाडव्याला ट्रंका उघडून तो जुना पटही शोधावयाचे आमचे ठरले आहे.