‘एक लोककथा’, पण कुणाची?

फील्डवर सॅम्पल घेतलं की आपण आधी लेबल लावतो: जागा, तारीख, कुणी घेतलं. लेबल नसेल तर सॅम्पल कितीही चांगलं असलं तरी कामाचं नाही. लोककथांवरची चित्रपुस्तकं मुलांसाठी निवडताना मात्र ही सवय आपण विसरतो. मीही विसरलो होतो.

माझं फील्डवर्क सेमाडोहला चालतं. संध्याकाळी पोरं खोलीपाशी जमतात, म्हणून बॅगेत चित्रपुस्तकं असतात. एकदा ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ उघडून मी म्हणालो, “बघा, तुमच्याकडच्या गोष्टी.” एक मुलगी चित्रावर बोट फिरवत म्हणाली, “सर, हे गोंडायचं हाय. आमी तं कोरकू.”

चूक पुस्तकाची नव्हती. तारा बुक्सनं २००६ साली काढलेल्या या पुस्तकावर भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या तिन्ही गोंड चित्रकारांची नावं आहेत. लेबल होतं, मी वाचलं नव्हतं. गोंडी ही द्रविड भाषा, कोरकू मुंडा कुळातली. जंगल शेजारचं म्हणून गोष्ट तीच होत नाही.

तरीही हे पुस्तक जरूर घ्या. काळ्या कागदावर सिल्कस्क्रीननं हातानं छापलेली झाडं रात्रीसारखीच दिसतात. मजकूर थोडका आहे आणि तो चित्राच्या आड येत नाही. त्याच्या जोडीला भज्जू श्याम आणि गीता वुल्फ यांचं ‘क्रिएशन’ (२०१४) घ्या, त्यात गोंडांच्या उत्पत्तिकथा आहेत. अडचण एकच: माझ्याकडच्या प्रती इंग्रजी आहेत, त्यामुळे मुलांना मराठीत सांगत सांगत वाचावं लागतं.

मग त्या मुलीची गोष्ट कुठे आहे? एक रूप रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६च्या ग्रंथात सापडतं. सातपुडा ओसाड पाहून रावण महादेवाला तिथं माणसं वसवायची विनंती करतो. महादेवाचा कावळा लाल मातीचं वारूळ शोधतो. त्या मातीतून महादेव बाई आणि माणूस घडवतो, पण इंद्राचे घोडे येऊन मूर्ती तुडवतात. पुन्हा घडवतो, पुन्हा तुडवतात. शेवटी महादेव मातीचा कुत्रा करून त्यात प्राण फुंकतो. कुत्रा घोड्यांना हाकलतो आणि मुला-मुलाई हे कोरकूंचे पहिले पूर्वज उभे राहतात.

कावळा, घोडे, कुत्रा, पुन्हा पुन्हा मोडणारा खेळ: चित्रपुस्तकाला आणखी काय लागतं? पण घाई नको. या नोंदीतलं वारूळ बैतुलकडच्या डोंगरातलं आहे आणि गोष्ट कुणी सांगितली त्याचं नाव तिथं नाही. छापील आहे म्हणून हेच मूळ रूप, असं धरून कुणी पुस्तक काढलं, तर सेमाडोहच्या पोरांना स्वतःचीच गोष्ट परक्याच्या तोंडून ऐकावी लागेल.

म्हणून पुस्तक हातात आलं की कव्हरच्या आधी आतलं माहितीचं पान बघा. गोष्ट कुणी सांगितली, कोणत्या गावात, कोणत्या भाषेत, चित्रकार कोण? नुसतं ‘एक आदिवासी लोककथा’ लिहिलं असेल, तर चित्रं सुंदर असली तरी मी ते शिफारशीच्या यादीत घालत नाही.

घोड्यांची गोष्ट मी त्या मुलीला सांगितली. तिनं शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, “आजीले इचारून सांगतो.” पुढची नोंद त्या आजीच्या नावानं होईल, अर्थात तिची परवानगी असेल तरच.