पदर डोक्यावर, लावणी गळ्यात

डोक्यावरून पदर, तो अंगभर नीट सावरलेला, समोर मायक्रोफोन. डोळ्यांची मिचकी नाही, कमरेची लचक नाही, हाताचा इशारा नाही. सुलोचना चव्हाण अशा उभ्या राहायच्या आणि लावणी सुरू व्हायची. लावणी म्हटलं की अदा आलीच. बाईंनी ती बघायची सोयच ठेवली नव्हती. त्यांची अदा सगळी उच्चारात उतरलेली असे. कुठल्या अक्षरावर थांबायचं, कुठलं झटकून टाकायचं, कुठलं जिभेवर घोळवायचं, हाच त्यांचा नाच.

हे कौशल्य उपजत नव्हतं, याचा पुरावा त्यांच्याच जुन्या गाण्यांत सापडतो. गिरगावात वाढलेली सुलोचना कदम ही मुलगी आधी हिंदी सिनेमात गायची. १९५१च्या ‘ढोलक’मधलं, श्यामसुंदर यांच्या चालीतलं ‘चोरी चोरी आग सी’ आजही ऐकायला मिळतं. आवाज गोड, सुरेल, त्या काळच्या चार चांगल्या गायिकांत सहज मिसळून जाईल असा. त्यात पुढची लावणी शोधायला गेलात तर फारशी सापडणार नाही. लग्नानंतर पती श्यामराव चव्हाण यांनी त्यांना शब्दफेक शिकवली. लावणीत शब्दावर जोर कुठे द्यायचा, हे त्यांच्याकडून मिळालं असं बाई आवर्जून सांगत. सूर होताच. त्याला आता धार आली.

ती धार पाहायची तर ‘नाव गाव कशाला पुसता’ लावा. १९६२चा ‘रंगल्या रात्री अशा’, संगीत वसंत पवारांचं आणि शब्द जगदीश खेबुडकरांचे. कोल्हापूरच्या या शिक्षक कवीची ही पहिली लावणी. सगळा महाराष्ट्र तिला ‘लवंगी मिरची’ म्हणूनच ओळखतो. तिच्या मुखड्यातल्या एका लहानशा शब्दाकडे माझा कान दर वेळी जातो: ‘अहो’. घरातली बाई नवऱ्याला हाक मारते तो हा अदबीचा शब्द. इथे तो फडावरच्या परक्या पुरुषाला उद्देशून येतो आणि पाठोपाठ येतो रांगडा ‘हाय’. बाई ‘अहो’ म्हणतात तेव्हा त्यात मान पुरेपूर आहे, आणि तरी समोरच्याला जागच्या जागी थोपवण्याची ताकदही आहे. पुढे ‘मिरची’ येते. त्यातल्या र वर जीभ क्षणभर आपटते आणि ‘ची’ लगेच सोडून दिली जाते. तिखट जिभेला लागून गेलं, आता पाणी शोधा! शब्दाचा अर्थ उच्चारानेच चाखायला देणारी गायिका मी दुसरी ऐकलेली नाही.

या ठसक्याची नक्कल खूप झाली. आजही स्पर्धांच्या मंचावर मुली हौसेने ही लावणी म्हणतात आणि बहुतेक जणी ठसका आवाज चढवून काढायला जातात. मूळ ध्वनिमुद्रिका लक्ष देऊन ऐका. बाई कुठेही ओरडत नाहीत. जोर व्यंजनावर असतो आणि स्वर जागच्या जागी, खणखणीत राहतो.

आता त्याच गळ्याचं दुसरं टोक. ‘कळीदार कपूरी पान’. कवी राजा बढे, संगीतकार श्रीनिवास खळे. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ याच जोडीचं, जे २०२३पासून आपलं राज्यगीत आहे. एका गाण्यात डफाचा दणका आणि दुसऱ्यात विड्याचा दरवळ. एवढा पल्ला गाठणाऱ्या या दोघांना आधी नमस्कार. इथे तमाशाचा फड नाही. ही बैठकीच्या लावणीच्या वळणाची रचना, अंतर जवळचं, बोलणं हळू. मुखड्यात घडतं ते इतकंच, की एक स्त्री विडा लावते आहे. पान, चुना, काथ, केवडा, वर्ख, आणि शेवटी तो घेणाऱ्याला लाडिक साद. बढ्यांनी या सामग्रीतून क चा अनुप्रास विणला आहे: कळीदार, कपूरी, कोवळं, केशरी, काथ, केवडा. अननुभवी गळ्यात हे सगळे क दगडासारखे आदळले असते. लवंगी मिरचीत व्यंजनावर आघात करणारी हीच बाई इथे प्रत्येक क अगदी हलका उचलते, पानाची शीर काढताना बोटं जितकी हलकी असावी लागतात तितका. कपूरी पान मुळात नाजूक. जोर लावला तर फाटायचं. खळ्यांची चालही घाई करू देत नाही. एकेका जिन्नसापाशी ती थोडी टेकते, जणू तो पानावर ठेवला गेल्याशिवाय पुढचा शब्द यायचाच नाही. गाण्यातला विडा बांधला जाताना दिसतो, आणि तो बांधणारे हात आपण प्रत्यक्षात कधी पाहिलेलेच नसतात.

गदिमांची ‘पदरावरती जरतारीचा’ ही तिसरीच तऱ्हा. इथे लावणी बोलते आहे ती चक्क आईशी. वयात आलेली मुलगी नव्या शालूसाठी हट्ट धरते. बाईंनी त्यासाठी आवाज बारीक करून बालिशपणा आणलेला नाही. गळा तोच, मात्र आर्जवाच्या शब्दांना मायेचा हेल लागतो आणि सगळा शृंगार लाडीगोडीआड झाकून जातो. शृंगार झाकूनच जास्त दिसतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डोक्यावरचा पदर तरी दुसरं काय सांगत होता?

या सगळ्यात ढोलकीशी त्यांचं जे नातं आहे, ते सवडीने ऐकण्यासारखं आहे. ढोलकी हे उतावळं वाद्य. ती पुढे पळायला बघते, गाणाऱ्याला ओढत नेते. बाई तिच्या मागे धावत नाहीत. ओळीच्या शेवटी शब्द असा टाकतात की ढोलकीला त्यावर यावंच लागतं. मग झील उठते, तुकडा वाजतो, आणि बाई पुढच्या ओळीसाठी आधीच सज्ज असतात. लय त्यांच्या घरातच नांदत होती म्हणा ना: नामवंत ढोलकीवादक विजय चव्हाण हे त्यांचे चिरंजीव.

आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. माझ्या लेखी त्यांचं याहून मोठं काम म्हणजे लावणीला त्यांनी माजघराचं दार उघडून दिलं. ज्या घरांतल्या बायकांना तमाशाच्या कनातीत पाऊल टाकायची मुभा नव्हती, त्या घरांत रेडिओवरून ‘सोळावं वरीस धोक्याचं’ वाजू लागलं आणि पोळ्या लाटता लाटता बायका ते गुणगुणू लागल्या. यासाठी बाईंनी लावणीतला एकही चावट शब्द सोवळा केला नाही. शब्द जसाच्या तसा ठेवला आणि तो न लाजता, न लाजवता कसा म्हणायचा ते दाखवलं.

२०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी १० डिसेंबरला मुंबईत त्या गेल्या. आज रात्री निवांतपणी एवढं कराच: पडद्यावरचा नाच बाजूला ठेवा, डोळे मिटा आणि आधी ‘कळीदार’ ऐका. मुखड्यातले क मोजा. मग लगेच ‘लवंगी मिरची’ लावा.